झोकांड्या खाणाऱ्या उंदराची साक्ष

घरात बाळ जन्मास आले की वडीलधारी माणसे त्याची बोटे मोजतात, नाकडोळा न्याहाळतात. मेंदू मात्र कोणालाच पाहता येत नाही. तो कवटीत झाकलेला असतो, आणि त्याची मुख्य मांडणी बाळ आईच्या पोटात असतानाच होऊन गेलेली असते. पुढे मूल मान धरीना, बसेना, बोलेना, की मग दोषाचा शोध सुरू होतो. आणि आपल्याकडील रीतीप्रमाणे तो दोष बहुधा आईच्याच पदरात पडतो. ग्रहणात तिने काही चिरले असेल, भलतेसलते खाल्ले असेल! अशा वेळी शास्त्राला काही निश्चित सांगता येते काय? याचे एक उत्तर आम्हाला एका उंदराच्या हकीकतीत सापडले. तीच येथे सांगावयाची आहे.

१९५१ साली एडिंबरो येथील आनुवंशिकीचे अभ्यासक डग्लस फाल्कनर यांनी प्रयोगशाळेतील उंदरांच्या एका नव्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. या विकाराची पिले मद्यप्यासारखी झोकांड्या खात चालत आणि एका अंगावर कलंडत. म्हणून त्यांना 'रीलर', म्हणजे झोकांड्या खाणारा, हे नाव पडले. आईबाप दिसावयास धडधाकट. परंतु दोघांकडूनही एकाच जनुकाची बिघडलेली प्रत पिलाकडे आली की विकार उमटे. ज्या 'जर्नल ऑफ जेनेटिक्स'मध्ये हे वर्णन आले, त्याचे संपादक जे. बी. एस. हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात येऊन राहिले, आणि ते नियतकालिक आज बंगळूरहून निघते.

या उंदराच्या मेंदूत बिघडले होते तरी काय? मेंदूच्या बाह्यकात मज्जापेशींचे सहा थर असतात. या पेशी जेथे जन्मतात तेथे त्या राहत नाहीत. त्या खोल आत जन्मतात आणि मग बाहेरच्या बाजूस चढत जातात. अँजेव्हाइन आणि सिडमन यांनी १९६१ साली उंदरांत असे दाखविले की, आधी जन्मलेल्या पेशी आतल्या थरांत वस्ती करतात, आणि मागाहून आलेल्या पेशी त्यांना ओलांडून वरच्या थरांत जातात. चाळीचा तळमजला भरला की नव्या बिऱ्हाडाने जिना चढून वर जावे, तसाच हा प्रकार. रीलर उंदरात मात्र नवी बिऱ्हाडे जुन्यांना ओलांडू शकत नाहीत. ती खालीच अडकतात, आणि थरांचा क्रम जवळजवळ उलटा होतो. पेशी आहेत, परंतु जागच्या जागी नाहीत. लहान मेंदूचीही नीट वाढ होत नाही, आणि त्यामुळेच मुख्यत्वे तोल जातो.

तेव्हा निकोप मेंदूत असे एखादे द्रव्य असले पाहिजे, की जे या उंदरात नाही. पण हजारो प्रथिनांतून ते निवडावे कसे? येथे प्रतिपिंडांची गरज लागते. सापाच्या विषावरील औषध कसे करतात हे पुष्कळांना ठाऊक असेल. घोड्याला विष अल्प प्रमाणात टोचतात. त्याचे रक्त त्या परक्या पदार्थाला नेमके पकडणारी द्रव्ये तयार करते. हीच प्रतिपिंडे. विष पकडण्याऐवजी मेंदूतील प्रथिन पकडणारे प्रतिपिंड तयार केले, आणि त्यामागोमाग रंगाची खूण जोडली, म्हणजे मेंदूच्या पातळ कापात ते प्रथिन जेथे असेल तेथेच रंग उमटतो.

परंतु एक अडचण होती. शरीर परक्याला ओळखते, स्वकीयाविरुद्ध सहसा शस्त्र उचलीत नाही. उंदराला उंदराचेच प्रथिन टोचले तर त्याचे रक्त स्वस्थ बसते. ही गाठ जपानमधील ओगावा, मिकोशिबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या युक्तीने सोडविली. निकोप उंदरांच्या भ्रूणांच्या मेंदूचा लगदा त्यांनी रीलर उंदरालाच टोचला. ज्या प्रथिनाला तो जन्मापासून मुकला होता, ते त्याच्या शरीराला परकेच होते! बाकीची प्रथिने त्याने आपली म्हणून सोडून दिली, आणि नेमक्या त्या एकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली. जे काम शास्त्रज्ञांना जड जात होते, ते त्या पंगू उंदराच्या रक्ताने केले.

कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी १९७५ साली शोधलेली रीत आता हाताशी होती. प्रतिपिंड करणाऱ्या पेशीचा कर्कपेशीशी संयोग केला की एकाच जातीचे प्रतिपिंड अखंड मिळत राहते. या शोधास १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. याच रीतीने मिळालेल्या प्रतिपिंडाला 'सीआर-५०' असे नाव देण्यात आले. निकोप मेंदूच्या कापावर त्याने अगदी वरच्या कडेच्या काजाल-रेट्झियस पेशी रंगविल्या. रीलर उंदराचा काप कोराच राहिला. हा शोध १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेत टॉम करन यांच्या प्रयोगशाळेने बिघडलेले जनुक हुडकून काढले आणि त्याच्या प्रथिनाला 'रीलिन' म्हटले. सीआर-५० ज्याला पकडते ते हेच, असे १९९७ साली सिद्ध झाले.

त्या कोऱ्या कापाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, असे आम्हाला वाटते. रंग उमटला म्हणजे पुरावा झाला, असे नव्हे. प्रतिपिंड भलत्याच प्रथिनालाही चिकटते, आणि मग खोट्या रंगावर खोटे निष्कर्ष रचले जातात. असल्या बेभरवशाच्या प्रतिपिंडांविरुद्ध २०१५ साली शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी जाहीर तक्रार केली होती. साक्षीदार खरा की खोटा हे पाहावयाचे तर, जेथे वस्तू नाही तेथे तो 'नाही' म्हणतो की नाही, हे पाहावे. सीआर-५० 'नाही' म्हणाले, म्हणूनच त्याच्या 'आहे'ला किंमत आली.

२००० साली हेच जनुक बिघडलेली माणसाची मुलेही आढळली. त्यांच्या मेंदूवरील घड्या कमी, लहान मेंदू खुरटलेला. हा विकार अत्यंत दुर्मिळ आहे, आणि प्रत्येक मतिमंद मुलाचे कारण तेच असते असे मुळीच नाही. त्यावर मूळ दोष नाहीसा करणारा उपायही नाही. मग एवढ्या खटाटोपाचा लाभ काय, असे कोणी विचारील.

लाभ असा की, अशा घरात आता निश्चित बोलता येते. एक प्रत आईकडून आली, एक बापाकडून. दोघांनाही तिची गंधवार्ता नव्हती. आणि पुढच्या प्रत्येक अपत्याला हा धोका चारात एक आहे. ग्रहणातल्या विळीचा येथे काडीचाही संबंध नाही. मुलाला चालते करणे आज शास्त्राला साधलेले नाही. परंतु आईच्या पदरातला खोटा दोष काढून घेणे त्याला साधले आहे, आणि तेवढे तरी आपण ऐकणाऱ्यांनी घरोघर पोहोचवावे.