धांवत्या गाडीवरील दगड

पुणें-लोणावळें लोकल १९७८ पासून धांवत आहे. रुळांच्या कडेचीं मुलें तिच्यावर गंमत म्हणून दगड फेंकतात. मुलाच्या हातांत जोर तो किती, असें पालकांस वाटतें. परंतु गाडी ताशीं ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदास २० मीटर वेगानें येत असतां समोरून आलेल्या दगडाच्या वेगांत तिचाही वेग मिळतो. आणि वेग दुप्पट झाला कीं आघाताची ऊर्जा चौपट होते. प्रवाशांस धोका आहे हें जाणून केलेल्या दगडफेकीस रेल्वे कायद्याच्या (१९८९) १५२ व्या कलमानें दहा वर्षांपर्यंत कैद, किंवा जन्मठेपही होऊं शकते. कायद्यास गंमत कळत नाहीं!

हें गणित आम्ही फळ्यावर मांडलें, तेव्हां मागल्या बांकावरून हळूच प्रश्न आला, “सर, खडा अगदीं लहान असला तर?”

सुपारीएवढा खडाही डोळा घेण्यास पुरतो, हें आम्हांस त्यास सांगावें लागलें.