जुन्या गाड्यांचा जीर्णोद्धार – ६ : वुल्सलीचं नेमकं कोणतं वर्ष?

गेल्या आठवड्यात आपण पत्रा आणि गंज यांच्याबद्दल बोललो. आज अशी गाडी घेऊ जिचा पत्रा सरळ झाला, इंजिन गुणगुणायला लागलं, तरी अवघड भाग पुढेच असतो. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांची काळी वुल्सली ६/८०. १९४८ ते १९५४ या काळात बनलेली ही गाडी आपल्याला अगदीच परकी नाही. आपल्याकडची हिंदुस्थान १४ ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, तिची ही थोरली नातलग.

‘त्या काळासारखी करून द्या’ असं मालक सहज म्हणून जातो. पण काळ म्हणजे कोणता? पोलिसांची गाडी नोकरीत असताना सारखी बदलत असते. पन्नासच्या दशकात वुल्सलीच्या पुढच्या बंपरवर विंकवर्थची चकचकीत विजेची घंटा असे. दोन सुरांचे भोंगे आणि छतावरचे लुकलुकणारे निळे दिवे साठच्या दशकात रुळले. तोवर बहुतेक ६/८० निवृत्त झाल्या होत्या. तरीही १९५० सालच्या गाडीच्या टपावर निळा दिवा बसवलेला दिसतो, कारण आपल्या डोळ्यांना त्याशिवाय पोलिसांची गाडी ओळखूच येत नाही. माझ्या मते तो दिवा उतरवलाच पाहिजे. आधी एक वर्ष ठरवावं आणि मग गाडीवरच्या प्रत्येक वस्तूला विचारावं, तू त्या वर्षी इथे होतीस का?

वर्ष ठरवायला गाडीच मदत करते. विकण्याआधी पोलीस आपलं सामान काढून घेत. घंटा, रेडिओ, पाट्या, सगळं. मागे उरत ती भोकं. बंपरवर, डॅशबोर्डखाली, डिकीच्या तळाशी, कधी टपावर. नंतरच्या मालकांनी ती बुजवलेली असतात, म्हणून जुना रंग खरवडताना घाई करू नये. भोक दिसलं की डेंटरला थांबवावं, फोटो काढावा, अंतरं मोजून कागदावर उतरवावीत आणि मगच पुढे जावं. एकदा नवी पुट्टी बसली की तो पुरावा कायमचा गेला. एवढी एकच गोष्ट या लेखातून कुणी उचलली तरी मला आनंद होईल.

दुसरा पुरावा नोंदणीपुस्तकात. मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या गाड्या ‘रिसीव्हर फॉर द मेट्रोपॉलिटन पोलीस डिस्ट्रिक्ट’ या अधिकाऱ्याच्या नावे नोंदलेल्या असत. पहिल्या मालकाच्या जागी हे नाव असेल, तर गाडी खरोखर त्या नोकरीत होती. एखाद्या डॉक्टरसाहेबांच्या काळ्या वुल्सलीला घंटा लावली तर सिनेमाच्या चित्रीकरणाला ती उत्तम, मात्र तो वेश आहे हे स्पष्ट सांगायला हवं. पुढच्या जाळीवरचा उजळणारा बिल्ला दाखवून कुणी खात्री देत असेल तर फसू नका. तो वुल्सली कंपनीचा, आणि साध्या गाड्यांवरही असे.

आतली मांडणी कामाप्रमाणे होती. गस्तीच्या गाडीत चालक, शेजारी रेडिओ सांभाळणारा आणि बऱ्याचदा साध्या कपड्यातला एक टेहळणी करणारा असे. लंडनमध्ये ९९९ ची सेवा १९३७ साली सुरू झाली. तिथे आलेला फोन स्कॉटलंड यार्डच्या इन्फर्मेशन रूममधून बिनतारी संदेशाने या गाड्यांपर्यंत जाई. रेडिओ व्हॉल्वचा, म्हणजे बोजड आणि विजेला हावरा. बॅटरी आणि डायनॅमोवरचा तो भार लक्षात घेतला नाही तर जुन्या वायरिंगचा अर्थ लागत नाही. आज मूळ रेडिओ बोलता करणं जमलं नाही तरी चालेल. त्याची पेटी, मायक्रोफोन आणि केबलचा मार्ग मात्र खरा हवा.

इंजिनाच्या बाबतीत मी इतका कडक नाही. २२१५ सीसीच्या या सहा सिलिंडरच्या इंजिनाचे एक्झॉस्ट व्हॉल्व जळत, हे तेव्हाही सर्वांना माहीत होतं. स्टेलाइटचा थर दिलेले व्हॉल्व बसवले तर बाहेरून काहीच बदलत नाही आणि गाडी रस्त्यावर टिकते. रंग मात्र सेल्युलोजचाच द्यावा. पातळ हात, मध्ये वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा हात. आजचा टू-पॅक रंग काळ्या पत्र्याला ओल्या पाटीसारखी चमक देतो, आणि तशी चमक त्या गाडीवर कधीच नव्हती.

आता कायदा. ब्रिटनच्या १९८६ च्या वाहन नियमांनुसार खाजगी गाडीला घंटा, सायरन किंवा दोन सुरांचा भोंगा बसवता येत नाही. १९८९ च्या दिव्यांच्या नियमांनी तर निळ्या दिव्यासारखी दिसणाऱ्या वस्तूलाही, चालू असो वा बंद, मनाई केली आहे. त्यामुळे काळजी घेणारे मालक घंटा डिकीत ठेवून प्रदर्शनाला जातात आणि मैदानात पोहोचल्यावर लावतात. म्हणून घंटेचा ब्रॅकेट पुन्हा पुन्हा काढता येईल असा करावा, आणि तो बंपरवरच्या त्याच मूळ भोकांत बसला पाहिजे. नवीन भोक एकही पाडायचं नाही.