हार्डवेअर रचनेची पहिली कसोटी : एफपीजीए बोर्डाची निवड

सेमीकंडक्टर उद्योगाच्या उभारणीसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांच्या कार्यक्रमास मंजुरी दिली. 'चिप्स टू स्टार्टअप' या कार्यक्रमात ८५,००० अभियंत्यांना चिपरचनेचे प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. कारखान्यात चिप घडविणे अत्यंत खर्चिक असते आणि तयार चिपमधील चूक खोडता येत नाही. म्हणूनच नवशिक्या रचनाकाराला चुका करण्याची व त्या सुधारण्याची स्वस्त सोय हवी. ती एफपीजीए बोर्डामुळे मिळते.

एफपीजीए म्हणजे काय?

फील्ड प्रोग्रॅमेबल गेट अॅरे अर्थात एफपीजीए ही अशी चिप, की जिच्यातील अंतर्गत जोडणी वापरणाऱ्याला हवी तशी, पुन्हा पुन्हा बदलता येते. झायलिंक्स कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या एफपीजीएमध्ये केवळ ६४ लॉजिक ब्लॉक होते. व्हेरीलॉग किंवा व्हीएचडीएल या भाषांत लिहिलेली रचना प्रथम संगणकावर सिम्युलेशनने तपासली जाते. परंतु तेथे निर्दोष ठरलेली रचना प्रत्यक्षात फसू शकते. उदाहरणार्थ, बटण एकदाच दाबले तरी त्याचे धातूचे संपर्क क्षणभर थरथरतात आणि गणक एकाऐवजी चार-पाच वेळा पुढे सरकतो. असे दोष बोर्डावरच लक्षात येतात.

निवडीचे निकष

पहिला निकष रचनेच्या आकाराचा. गणक, वाहतूक दिव्यांचे नियंत्रण किंवा साधा संदेशवाहक परिपथ यांसाठी १,२८० लॉजिक सेलचा आइसस्टिक बोर्डही पुरतो. छोटा प्रोसेसर तपासावयाचा असल्यास सुमारे ३३,००० लॉजिक सेलची आर्टिक्स-७ चिप असलेला बोर्ड सोयीचा ठरतो.

दुसरा निकष बोर्डावरील जोडसाधनांचा. बेसिस-३ या बोर्डावर १६ स्विच, १६ एलईडी, चार अंकी दर्शक आणि व्हीजीए जोडणी आहे. त्यामुळे सुरुवातीच्या प्रयोगांसाठी वेगळे सुटे भाग लागत नाहीत. आर्टी ए७-३५टी या बोर्डावर त्याच श्रेणीची चिप आहे, पण भर आहे तो २५६ मेगाबाइट स्मृती आणि इथरनेटवर. साहजिकच पहिला बोर्ड अंकीय परिपथ शिकणाऱ्यास, तर दुसरा प्रोसेसर तपासणाऱ्यास उपयुक्त होय. आयआयटी मद्रासच्या 'शक्ती' प्रकल्पातील ई-वर्गाचा प्रोसेसर आर्टी ए७-३५टी वर, तर अधिक मोठा सी-वर्गाचा प्रोसेसर आर्टी ए७-१००टी वर तपासता येतो. याच प्रकल्पातील एक चिप २०१८ मध्ये मोहालीच्या सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटर तंत्रज्ञानाने तयार झाली.

तिसरा निकष सॉफ्टवेअरचा, आणि खरेदीच्या वेळी नेमका तोच विसरला जातो. घेतलेली चिप विनामूल्य आवृत्तीत चालते की परवान्याचे शुल्क भरावे लागते, हे आधी पाहावे. कंपन्यांची ही सॉफ्टवेअर संगणकावर अनेक गिगाबाइट जागा व्यापतात. जुन्या संगणकांच्या प्रयोगशाळेत ती नीट चालत नाहीत. आइसस्टिकवरील आइस-४० श्रेणीच्या चिपसाठी योसिस आणि नेक्स्टपीएनआर ही मुक्तस्रोत साधने उपलब्ध आहेत व ती साध्या संगणकावरही चालतात.

खर्चाचा खरा हिशेब

महाविद्यालयाने एक महागडा बोर्ड घेतला, तर मोडण्याच्या भीतीने तो कपाटात राहतो आणि विद्यार्थी प्रात्यक्षिक दुरून पाहतात. तितक्याच रकमेत अनेक लहान बोर्ड घेतल्यास प्रत्येकाच्या हाती काम येते. मोठा बोर्ड प्रगत प्रकल्पासाठी नंतर घेता येईल. त्यामुळे बोर्डाचे मोल केवळ त्याच्या क्षमतेवरून न ठरविता, तो किती विद्यार्थ्यांच्या हातांत किती तास राहतो यावरून ठरविणे श्रेयस्कर होय.