नोटीस, सुनावणी आणि कारणे : नागरिकांच्या स्वातंत्र्याचा न्यायालयीन अर्थ

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी वसलेला तळोदा तालुका हा राज्यातील अनुसूचित क्षेत्राचा भाग आहे. येथील अनेक भिल्ल व पावरा कुटुंबांची उपजीविका वनालगतच्या शेतीवर आणि वनोपजावर अवलंबून असते. अशा एखाद्या कुटुंबाने कसत असलेल्या वनजमिनीसाठी दावा केला, तो फेटाळला गेला आणि का फेटाळला हे त्यास कळविलेच गेले नाही, तर प्रश्न केवळ दप्तरातील कागदांचा राहत नाही. तो राज्यघटनेने दिलेल्या मूलभूत हक्काचा प्रश्न ठरतो. हे कसे, ते समजून घेण्यासाठी घटनेतील शब्दांना न्यायालयांनी दिलेला अर्थ पाहणे आवश्यक आहे.

घटनेतील तरतुदी

अनुच्छेद 19 अन्वये नागरिकांना भाषण, शांततापूर्ण सभा, संघटना, देशभर संचार, कोठेही वास्तव्य आणि व्यवसाय अशी सहा प्रकारची स्वातंत्र्ये मिळाली आहेत. ती अमर्याद नाहीत. परंतु त्यांवरील निर्बंध कायद्याने घातलेले आणि वाजवी असले पाहिजेत. संचार व वास्तव्य यांवर अनुसूचित जमातींच्या हितसंरक्षणासाठीही निर्बंध घालता येतात, असे याच अनुच्छेदात नमूद आहे. अनुच्छेद 21 हा नागरिकांपुरता मर्यादित नाही. कोणत्याही व्यक्तीचे जीवित वा व्यक्तिगत स्वातंत्र्य कायद्याने ठरविलेल्या कार्यपद्धतीवाचून हिरावून घेता येत नाही, असे तो सांगतो.

येथे ‘कार्यपद्धती’ हा शब्द कळीचा आहे. कायद्यात लिहिलेली कोणतीही पद्धती पुरेशी मानावयाची, की ती न्याय्यही असली पाहिजे?

गोपालन ते मनेका गांधी

1950 साली, प्रतिबंधक स्थानबद्धतेस आव्हान देणाऱ्या ए. के. गोपालन यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचे मर्यादित उत्तर दिले. विधिमंडळाने केलेल्या कायद्यात पद्धती घालून दिली असेल, तर तिच्या न्याय्यतेची छाननी अनुच्छेद 21 खाली करता येत नाही, असा बहुमताचा कौल होता.

पुढे 1977 साली मनेका गांधी यांचे पारपत्र कारणे न देता अडकवून ठेवण्यात आले. त्यावरील 1978 च्या निर्णयाने ही भूमिका बदलली. कार्यपद्धती रास्त, न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. ती मनमानी असता कामा नये, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ज्याच्याविरुद्ध निर्णय होणार, त्याचे म्हणणे ऐकून घेणे हे या न्याय्यतेचे आवश्यक अंग ठरले.

मुंबईच्या पदपथावरून

या तत्त्वाचा लाभ गोरगरिबांपर्यंत पोहोचविणारा निर्णय महाराष्ट्रातील प्रकरणात झाला. 1981 साली मुंबईतील पदपथांवरील झोपड्या हटविण्याचे ठरले. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस व पदपथवासीयांनी केलेल्या याचिकांवर सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने 1985 साली निकाल दिला. उपजीविकेचे साधन काढून घेतल्यास माणसाला जगणेच अशक्य होते. म्हणून जीविताच्या हक्कात उपजीविकेच्या हक्काचाही समावेश होतो, असे न्यायालयाने मानले.

तथापि पदपथावर कायम राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. नोटीस न देता अडथळे हटविण्याची मुभा देणारे महापालिका कायद्याचे कलमही रद्द केले नाही. त्याचा अर्थ मात्र मर्यादित केला : नोटीस व सुनावणी हा नियम, ती टाळणे हा अपवाद.

वनजमिनीचा दावा

हेच तत्त्व वनहक्क मान्य करणाऱ्या 2006 च्या अधिनियमात उतरलेले दिसते. दाव्याची प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू होते. पडताळणी पूर्ण होईपर्यंत दावेदारास कब्जातील जमिनीवरून काढता येत नाही. पीडित व्यक्तीला साठ दिवसांत वरिष्ठ समितीकडे दाद मागता येते आणि तिला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय तिच्याविरुद्ध निर्णय करता येत नाही.

2012 च्या सुधारित नियमांनी ही तरतूद अधिक बळकट केली. वन व महसूल खात्याच्या कर्मचाऱ्यांनी स्थळपाहणीस हजर राहून कार्यवाहीवर स्वाक्षरी करावयाची असते. एखाद्या विशिष्ट दस्तऐवजाचाच आग्रह धरता येत नाही. वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, जुने बांध, विहिरी, झाडे हेही पुराव्यात धरले जातात. उपग्रहाचे छायाचित्र पूरक ठरते. अन्य पुराव्याची जागा ते घेऊ शकत नाही. शेजारच्या गुजरातमध्ये अशाच प्रकारे फेटाळलेल्या दाव्यांची फेरतपासणी करण्याचा आदेश तेथील उच्च न्यायालयाने 2013 साली दिला.

2019 चा धडा

13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे अंतिमतः फेटाळले गेले त्यांना वनजमिनीवरून हटविण्याचे निर्देश राज्यांना दिले. देशभरातील लाखो कुटुंबांपुढे विस्थापनाचे संकट उभे राहिले. 28 फेब्रुवारी रोजी न्यायालयाने या निर्देशांना स्थगिती दिली आणि दावे फेटाळताना कोणती पद्धती अवलंबिली याचा तपशील राज्यांकडून मागविला. दावेदाराला कळविले होते काय, त्याला पुरावा सादर करता आला काय, निर्णयात कारणे दिली होती काय, हेच प्रश्न पुन्हा पुढे आले.

त्यांची उत्तरे दिल्लीत तयार होत नाहीत. ती वनहक्क समितीच्या इतिवृत्तात, पाहणीच्या अहवालात आणि पोच घेऊन दिलेल्या पत्रात असतात. दावेदारास भिली वा पावरी बोलीतच नीट समजत असेल, तर मराठीतील आदेश त्यास वाचून व समजावून देणे हे त्या साठ दिवसांना अर्थ देणारे काम आहे. गावातील शिक्षक आणि पंचायत सदस्य ते सहज करू शकतात. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावर विभागीय पातळीवर अपील करण्याची सोय 2020 साली झाली आहे. तीही दावेदारास ठाऊक असावयास हवी.

दावा मान्य होवो वा न होवो, त्यामागची कारणे लेखी स्वरूपात दावेदाराच्या हाती पडली पाहिजेत. न्यायालयाने अनुच्छेद 21 ला दिलेला अर्थ गावपातळीवर पाळला जातो तो अशाच कागदातून.