शंभर ग्रॅम लोण्याचं बटरक्रीम

पुण्यात धायरी फाट्याकडून गावात शिरताना बेकऱ्यांच्या काचपेट्यांत जे पांढरेशुभ्र केक दिसतात, त्यांच्यावरचं क्रीम बहुतेकदा लोण्याचं नसतं. ते नॉन-डेअरी टॉपिंग असतं: पाणी, साखर, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल आणि हे सगळं एकजीव ठेवणारी इमल्सिफायर. गोठवलेल्या पुड्यात येतं आणि फेटलं की तिपटीनं वगैरे फुगतं. त्याला नावं ठेवायचं कारण नाही, अर्ध्या किलोचा वाढदिवसाचा केक त्याच्याच जिवावर परवडतो. पण जिभेला त्याची सवय झालेली असते. मग कोणी घरी हौसेनं बटरक्रीम करतं, ते दाट, गोड आणि चक्क लोण्याच्या चवीचं लागतं, आणि घरचे म्हणतात, "काहीतरी बिघडलंय." बिघडलेलं काही नसतं. खरं बटरक्रीम तसंच लागतं.

दुसरी समजूत अशी की हे प्रकरण थोडक्यात होत नाही. ती आली अमेरिकी कृतींमधून. तिथे लोणी 'स्टिक'मध्ये मोजतात आणि एक स्टिक ११३ ग्रॅमची. "दोन स्टिक बटर, चार कप आयसिंग शुगर" असं वाचून करायला घेतलं तर सव्वादोनशे ग्रॅम लोणी आणि पाचशे ग्रॅमच्या जवळपास साखर लागते. एवढं क्रीम चौघांच्या घरात संपत नाही. आपल्या दुकानात बटरची १०० ग्रॅमची वडी मिळते, तेच माप धरावं. १०० ग्रॅम बटर, २०० ग्रॅम आयसिंग शुगर, एक-दोन छोटे चमचे दूध, अर्धा छोटा चमचा व्हॅनिला. यातून सुमारे ३०० ग्रॅम क्रीम होतं. आठ कपकेकवर नोझलनं व्यवस्थित फुलं काढता येतात, किंवा सहा इंची केकला मध्ये एक थर आणि बाहेरून पातळ लेप बसतो. घटक वजनावरच मोजावेत. कपाच्या मापात साखर दाबून भरली की सैल भरली, यावर बराच फरक पडतो, आणि माप छोटं असलं की तो फरक लगेच चवीत उतरतो.

"बटर तासभर आधी बाहेर काढून ठेवा"

सगळ्यात जास्त बटरक्रीम या एका वाक्यानं बिघडतं. कृतीतलं 'रूम टेंपरेचर' म्हणजे १८ ते २१ अंश सेल्सिअस. धायरीत डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी स्वयंपाकघर तेवढ्यावर असतं, कधी त्याहूनही गार. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ३८च्या आसपास असताना, वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेला स्लॅब आणि शेजारी गॅस पेटलेला, अशा खोलीला रूम म्हणायचं ते कुठल्या तोंडानं?

दुधातल्या स्निग्धांशाला वितळण्याचा एकच ठराविक बिंदू नसतो. फ्रिजमध्ये त्याचा बराच भाग घट्ट स्फटिकांच्या रूपात असतो. विशीच्या आसपास काही स्फटिक आणि काही तेल अशी मिसळ होते, तिशीला स्फटिक अगदी थोडे उरतात आणि ३५ अंशांच्या आसपास सगळंच तेल होतं. फेटताना जी हवा आत शिरते तिला धरून ठेवतात ते हे स्फटिक. ते फार असले तर लोणी दगडासारखं राहतं आणि बीटर फक्त गोळे फिरवतो. ते संपले की हवा टिकत नाही, मग कितीही फेटा, चकचकीत पातळ पदार्थच मिळतो.

म्हणून उन्हाळ्यात तासभर वगैरे विसरावं. फ्रिजमधून काढलेल्या वडीच्या सुरीनं बारीक फोडी कराव्यात, दहा मिनिटांत पुरे होतं. बोटानं दाबल्यावर खळगा पडावा, पण बोटाला तेल लागू नये. बीटर स्वतःही उष्णता निर्माण करतो, तेव्हा थोडं गारच सुरू केलेलं बरं.

याच कारणानं फाटल्यासारखं, रवाळ दिसणारं क्रीमही फेकायचं नसतं. भांडं गार लागत असेल तर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं बाहेरून काही सेकंद गुंडाळावं आणि पुन्हा फेटावं. भांडं ऊन लागत असेल आणि क्रीम ओघळत असेल तर दहा मिनिटं फ्रिज, मग पुन्हा बीटर. बहुतेक वेळा ते परत येतं.

"स्टँड मिक्सर पाहिजेच"

१०० ग्रॅम लोण्याला मोठा स्टँड मिक्सर उलट गैरसोयीचा. साडेचार लिटरच्या भांड्यात एवढंसं लोणी बाजूला चिकटून बसतं आणि पातं वरून नुसतं फिरतं. साधा हँड बीटर आणि उभट, अरुंद भांडं उत्तम. आधी नुसतं लोणी चार-पाच मिनिटं फेटावं आणि रंग फिकट झाल्यावर साखर दोन-तीन वेळा विभागून घालावी.

आणि गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेलेली असेल तर? आपल्याकडे नानकटाईसाठी तूप आणि पिठीसाखर परातीत तळहातानं फेसायची पद्धत आहे. चिरोट्यांचा साटा इतका फेसतात की त्याचा थेंब पाण्यावर तरंगावा. म्हणजे स्निग्ध पदार्थात हवा कोंडून तो हलका करणं आपल्या घरांना नवं नाही, आणि त्यासाठी विजेची वाट कोणी पाहिली नव्हती. फरक एवढाच की तळहात तिशीच्या वर तापलेला असतो, लोणी त्याला चटकन शरण जातं. म्हणून हात न लावता लाकडी चमच्यानं घोटावं, आणि उन्हाळ्यात भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवावं. बेकरीइतकं हलकं होणार नाही, पण लावण्याजोगं नक्की होतं.

"पातळ झालं? साखर घाला"

पातळपणा बहुधा उष्णतेचा असतो, त्यावर साखर ओतली की क्रीम असह्य गोड होतं आणि ऊन ते ऊनच राहतं. आधी फ्रिज, मग गरज उरलीच तर साखर.

दाताखाली येणाऱ्या कचकचीचं गणित तर पाहण्यासारखं आहे. टेबल बटरमध्ये पाण्याचं प्रमाण जास्तीत जास्त १६ टक्के. साखर लोण्याच्या स्निग्धांशात विरघळत नाही, फक्त त्यातल्या पाण्यात विरघळते. साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर मावते. म्हणजे १०० ग्रॅम बटरमधलं १६ ग्रॅम पाणी फार तर ३२ ग्रॅम साखर विरघळवेल, दोन चमचे दुधानं आणखी २० ग्रॅम. उरलेली दीडशे ग्रॅमच्या आसपास साखर कणांच्याच रूपात राहणार, मग तुम्ही तासभर फेटा. सगळं अवलंबून आहे ते कणाच्या आकारावर. घरी मिक्सरमधून काढलेली पिठीसाखर मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळली तरच चालते.

विकतच्या आयसिंग शुगरमध्ये मक्याचा स्टार्च असतो, त्याला काही जण भेसळ समजतात. साखरेचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो, साधारण तीन ते पाच टक्के, आणि पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. घरच्या २०० ग्रॅम पिठीसाखरेत दोन-तीन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर मिसळलं तर तेच साधतं. पावसाळ्यात तर ते हवंच, कारण तेव्हा पिठीसाखर डब्यातल्या डब्यात दगड होते.

"बटरक्रीम गोडमिट्टच असतं" हेही पूर्ण खरं नाही. कंडेन्स्ड मिल्कचं बटरक्रीम करून पाहा: १०० ग्रॅम बिनमिठाचं बटर पांढरट होईपर्यंत फेटायचं, मग १०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क चमच्या-चमच्यानं. त्यात साखर आधीच विरघळलेली, त्यामुळे कचकच नाही, आणि १०० ग्रॅममध्ये साखर पंचेचाळीसच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या कृतीच्या पाव हिश्शाएवढी. माझं मत विचाराल तर घरच्या छोट्या केकला हेच सर्वांत छान. फक्त उन्हात ते नेहमीच्या बटरक्रीमपेक्षाही नाजूक.

लोणी कोणतं, याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणजे पिवळं खारं बटर पाण्यानं धुतलं की झालं. त्यातलं मीठ लोण्यात अडकलेल्या पाण्याच्या सूक्ष्म थेंबांत असतं, वरवर धुण्यानं ते जात नाही. व्हॅनिलाच्या क्रीममध्ये खारटपणा कळतो, चॉकलेटमध्ये मात्र अर्धं खारं, अर्धं बिनमिठाचं चालून जातं. दुसरं टोक म्हणजे घरचं लोणी केकला चालतच नाही. चालतं, पण साय विरजून काढलेल्या लोण्यात ताक राहतं. बर्फाच्या पाण्यात ते निवळ पाणी येईपर्यंत धुवावं, मलमलीत दाबून पाणी काढावं आणि दूध अजिबात घालू नये. आंबूस झाक राहतेच, ती व्हॅनिलाशी भांडते पण लिंबाच्या किसलेल्या सालीशी तिचं जमतं. म्हशीच्या दुधाचं असेल तर आणखी एक फायदा: त्यात कॅरोटीनचा पिवळेपणा नसतो, त्यामुळे पांढरं क्रीम हवं असेल तर वेगळा रंग घालावा लागत नाही.

अंड्याचा प्रश्न लवकर मिटतो. वर दिलेल्या दोन्ही कृतींत अंडं नाही. स्विस आणि इटालियन बटरक्रीममध्ये पांढरा बलक असतो. केकवरची नक्षी कडक वाळते, ते मात्र रॉयल आयसिंग. त्यात लोणी नसतंच, साखर आणि पांढरा बलक किंवा त्याचा शाकाहारी पर्याय असतो. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी मिलानच्या कॅथेड्रलची सुमारे १०० किलोंची प्रतिकृती केली ती या रॉयल आयसिंगची. बटरक्रीमची अशी भिंत उभी राहणार नाही.

टिकण्याबाबत लोक एकतर फार घाबरतात, नाहीतर अजिबातच घाबरत नाहीत. साखरेचं प्रमाण भरपूर असल्यानं साधं बटरक्रीम गार खोलीत दिवसभर सहज राहतं, आपल्याकडे उन्हाळ्यात ते खराब होण्याच्या कितीतरी आधी ओघळतं. उरलेलं हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवावं. डबा खरोखरच हवाबंद हवा, कारण लोणी शेजारच्या चिरलेल्या कांद्याचा वास निमूटपणे उचलतं. वापरताना योग्य तापमानाला आणून पुन्हा फेटायचं. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या केकला घाम फुटतो आणि रंग ओघळतात. तो खोक्यातच, झाकण न उघडता, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीतून केक न्यायचा असेल तर निघण्याआधी तासभर फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यावा आणि स्कूटरच्या फूटबोर्डवर ठेवू नये.

शेवटी वनस्पती तूप. डालडा १९३७ पासून आपल्याकडे आहे आणि "थोडा डालडा घातला की क्रीम उन्हात टिकतं" हा सल्लाही जुनाच. त्यात तथ्य आहे, कारण चाळिशीच्या जवळ वितळणारं वनस्पती लोण्याहून उशिरा पाघळतं. ट्रान्स फॅटची भीतीही आता पूर्वीइतकी खरी नाही. जानेवारी २०२२ पासून देशात खाद्यतेलं आणि वनस्पतीत त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे. अडचण चवीची आहे. शरीराच्या तापमानाला जे पूर्ण वितळत नाही ते टाळूला मेणासारखं चिकटतं. पाव हिस्सा वनस्पती घालून हे जाणवत नाही, निम्मं घातलं की जाणवतं. मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर वाढदिवस असेल तर बटरक्रीमच्या वाटेला न जाता चॉकलेट गनाश करावं, नाहीतर वाढदिवस सातनंतर ठेवावा.