तोडलेली फुले जास्त दिवस ताजी कशी राखावीत?



तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे आम्ही नेहमी सांगतो. तोडल्यावरही ऊस जिवंत असतो, श्वसन करतो. त्यात साखर खर्ची पडते आणि वजन घटते. फुलाचेही तसेच आहे. बांधावर किंवा परसात झेंडू, शेवंती, निशिगंध लावला, तर दसरा-दिवाळीला चार पैसे रोख हाती येतात. पण बाजारात पोचेपर्यंत फुलाने मान टाकली, की गिऱ्हाईक निम्म्या भावाने मागते.

फूल सुकते ते मुख्यतः तीन कारणांनी : पाणी उडून जाते, साठवलेले अन्न संपते आणि देठाच्या नळ्या जंतूंनी बुजतात. उपायही त्याच धोरणाने करावेत.

१) तोडणी : सकाळी गारव्यात किंवा ऊन उतरल्यावर करावी. झेंडू, शेवंती पूर्ण उमललेली तोडावी. निशिगंधाच्या दांड्यावरील खालची एक-दोन फुले उमलली की दांडा कापावा. वरच्या कळ्या पाण्यात उमलतात.

२) दांड्याची फुले : धारदार चाकूने तिरका काप घेऊन दांडे लगेच पाण्यात ठेवावेत. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, ती कुजतात. एक दिवसाआड पाणी बदलावे आणि टोकाचा थोडा भाग पुन्हा कापावा.

३) साखरेचे पाणी : साखर हे फुलाचे अन्न खरे, पण नुसती साखर टाकली तर जंतू वाढून पाणी आंबते आणि फूल उलट लवकर सुकते. म्हणून एक लिटर पाण्यात २० ग्रॅम साखर व अर्ध्या लिंबाचा रस ढवळून, शेवटी कपडे धुण्याचे पातळ ब्लीच पाव चमचा टाकावे. ब्लीच व लिंबूरस पाण्याशिवाय एकत्र करू नयेत, विषारी वायू निघतो. हे पाणी मुलांच्या हाताशी ठेवू नये.

४) सुटी फुले : बांबूच्या टोपलीत ओले करून पिळलेले गोणपाट अंथरून त्यात सैल भरावीत, वरूनही तसेच झाकावे. फुलांवर पाणी ओतू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडल्यास ती तापून काळी पडतात.

५) जागा : सावलीची, वाऱ्याचा झोत नसलेली असावी. केळी पिकत घातलेल्या खोलीत फुले ठेवू नयेत. पिकत्या फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने बरीच फुले लवकर गळतात.

माल जास्त असेल तर विटांच्या दुहेरी भिंतीत वाळू भरून शीतकक्ष बांधावा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ही पद्धत दिली असून तिला वीज लागत नाही. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवावी. पाणी उडताना आत गारवा येतो. म्हणून दसऱ्यानंतरच्या कोरड्या उन्हात तो चांगला चालतो, गणपतीच्या दमट दिवसांत मात्र फारसा गार होत नाही.

यातले बहुतेक सामान घरचेच आहे. यंदा सणाच्या आधी थोड्या फुलांवर करून पाहावे, आणि अडचण आल्यास आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्यास विचारावे.

— ऊस विकास अधिकारी