विश्लेषण : काटक बांधा म्हणजे मजबूत हाडे?

आटपाडीसारख्या दुष्काळी माणदेशात डाळिंबाच्या बागेत दिवसभर राबणारी सडपातळ बाई काटक समजली जाते. पण काटकपणा वेगळा आणि हाडांची मजबुती वेगळी. वजन फार कमी असेल, तर उतारवयात हाड मोडण्याचा धोका वाढतो. वजन जास्त असले म्हणून तो टळतो, असेही नाही.

हाडांची घनता कशी मोजतात?

‘डेक्सा’ या क्ष-किरण चाचणीत कमरेचा मणका आणि खुब्यातील हाडांत खनिज किती आहे, हे पाहतात. निरोगी तरुण व्यक्तींच्या सरासरीशी तुलना करून ‘टी-स्कोअर’ काढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषांनुसार उणे १ पर्यंत घनता सर्वसाधारण, त्याखाली कमी, तर उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, अर्थात हाडांचा ठिसूळपणा.

वजनाचा संबंध काय?

हाड जिवंत असते. त्यावर भार पडला की तिथे नवे हाड तयार होते. शिवाय पाळी गेल्यानंतर शरीरातील बरेचसे इस्ट्रोजेन चरबीत तयार होते आणि ते हाडांची झीज रोखते. बीएमआय २५ असलेल्यांच्या तुलनेत २० असलेल्यांना खुब्याचे हाड मोडण्याचा धोका जवळपास दुप्पट असतो. दीड मीटर उंचीच्या बाईसाठी हे आकडे म्हणजे ५६ आणि ४५ किलो. शेतकामाने हाडांवर भार पडतो हे खरे. पण खाणे अपुरे असेल, तर हाड बांधायला माल कमी पडतो.

मग वजन वाढवावे का?

नाही. स्थूल व्यक्तींच्या हाडांची घनता बहुधा जास्त भरते, तरी घोटा आणि दंडाच्या हाडांना त्याचे संरक्षण मिळत नाही. टाइप २ मधुमेहात तर घनता चांगली असूनही हाडे मोडतात, कारण हाडाची आतली वीण कमकुवत होते. घनतेच्या आकड्यात ही गुणवत्ता दिसत नाही. उलट, कमी खाऊन झपाट्याने वजन उतरवल्यास चरबीबरोबर हाडही घटते.

पुण्याचा अभ्यास काय सांगतो?

पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून जिल्ह्यातील सहा गावांत गरोदर महिलांच्या आहाराचा अभ्यास केला. त्यांच्या मुलांची सहाव्या वर्षी डेक्सा चाचणी झाली. गरोदरपणात दूध, डाळी, पालेभाज्या असे कॅल्शियमयुक्त अन्न वारंवार खाल्लेल्या मातांच्या मुलांची हाडे अधिक घट्ट आढळली. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. हाडांचा पाया आईच्या ताटापासूनच पडतो, तो असा.

तपासणी कुणी करावी?

किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल, उंची कमी झाली असेल, पाळी ४५ वर्षांच्या आत गेली असेल, वजन फारच कमी असेल किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड सुरू असतील, तर डॉक्टरांना विचारून डेक्सा करून घ्यावी. रोजच्या जेवणात दूध-ताक, नाचणी, डाळी असाव्यात, तंबाखू-मिश्री सोडावी. ‘काम करतेय, म्हणजे ठणठणीत आहे’ असे गृहीत धरू नये.